नाटकासाठी कॉर्डलेस माईक घेताय? आधी संहिता उघडा, कॅटलॉग नंतर

पुण्यात हौशी ग्रुप असो नाहीतर व्यावसायिक, साऊंडचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच, कुठल्या कंपनीचा कॉर्डलेस घ्यायचा. मग कुणी शुअर म्हणतं, कुणी सेनहायझर, कुणीतरी एक लिंक टाकतं आणि आठ चॅनलचा सेट एवढ्या कमी किमतीत मिळतोय म्हणून तोच उचलला जातो. माझं म्हणणं असं की कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी येतं. तुमच्या नाटकाची संहिता घेऊन बसा, कारण चॅनल (म्हणजे एका वेळी चालणारे कॉर्डलेस माईक) किती लागणार, कॅप्सूल (माईकचं आवाज पकडणारं टोक) कुठली लागणार, पॅक (आवाज रेडिओवरून पाठवणारी अंगावरची डबी) कुठे बसणार हे सगळं संहितेतूनच कळतं, फक्त त्या नजरेनं ती एकदा वाचावी लागते.

पण त्याच्याही आधी, कॉर्डलेस लागतोय का हे ठरवा. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत तीन-चार पात्रांचं नाटक करताय तर अजिबात लागत नाही, नटाचा आवाज जसा आहे तसा शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि तोच ऐकायला छान वाटतो. भरत नाट्य मंदिर, टिळक स्मारक अशा ठिकाणी संवादप्रधान नाटक असेल तर स्टेजच्या पुढच्या काठावरचे फूट माईक आणि वरचे एक-दोन हँगिंग माईक नीट लावले तरी काम होतं, आपल्याकडे वर्षानुवर्षं असंच होत आलंय. बालगंधर्व मोठं आहे, १९६८ सालचं, हजाराच्या आसपास खुर्च्या, पण तिथेही चांगल्या नटांचं घरगुती नाटक फूट माईकवर निघतं. कॉर्डलेसची खरी गरज कधी पडते, तर संवादाखाली पार्श्वसंगीत जोरात असेल, गाणं आणि नाच एकत्र असेल, पात्रं मागच्या लेव्हलवर उभं राहून नाहीतर पाठ करून बोलत असतील, किंवा स्टेजवर इतकी पळापळ असेल की फूट माईकमध्ये शब्दांपेक्षा पावलंच जास्त येतील. यातलं काहीच नसेल तर पैसे वाचवा, खरंच सांगतो, ते नेपथ्याला द्या.

आता लागतोयच असं ठरलं तर एक कागद घ्या. आडवे प्रवेश, उभी पात्रं, आणि प्रत्येक चौकोनात ते पात्र त्या प्रवेशात बोलतंय का, गातंय का, की नुसतं उभं आहे ते लिहा. हा तक्ता झाला की बहुतेक वेळा दिसतं की नाटकात पात्रं नऊ आहेत पण एका वेळी पाचच्या वर कुणी बोलत नाही, आणि त्यातली दोन तर दुसऱ्या अंकात येतच नाहीत. म्हणजे नऊ चॅनल कशाला, सहा बास, त्यातही एक स्पेअर धरून. सहा चांगले चॅनल बारा स्वस्त चॅनलपेक्षा कधीही बरे, कारण स्वस्त बारातला कुठला तरी एक ऐन प्रयोगात खरखरणार आणि प्रेक्षकांच्या लक्षात फक्त तोच राहणार.

पॅक दोघांत वाटून वापरायचा असेल तर एक युक्ती आहे. माईकची कॅप्सूल आणि वायर दोन्ही नटांच्या अंगावर आधीपासून लावून ठेवायची, विंगेत फक्त पॅक याच्या कमरेवरून काढून त्याच्या कमरेला द्यायचा आणि प्लग बदलायचा. कॅप्सूल पुन्हा चिकटवत बसलात तर मेकअप जातो, विग हलतो आणि जागा बदलली की आवाजही बदलतो. अर्थात यासाठी विंगेत एक माणूस फक्त माईकसाठी हवा, बॅकस्टेजच्याच कुणाला तरी 'जरा हेही बघ' म्हणून चालत नाही.

आता कॅप्सूल, आणि इथे मी थांबून सांगणार आहे कारण पैसे खरे इथे घालायचे असतात. लोक रिसीव्हर (पॅकचा सिग्नल पकडणारी पेटी) आणि पॅकवर सगळं बजेट उडवतात आणि बॉक्समध्ये आलेला कॉलर माईक तसाच शर्टाला लावतात. तो माईक भाषणासाठी, मुलाखतीसाठी ठीक आहे. नाटकात छातीवरचा माईक हनुवटीच्या सावलीत येतो, आवाज दबका येतो, आणि नटानं मान वळवली की एका वाक्यात तीन प्रकारचे आवाज. म्हणून कॅप्सूल डोक्यावर न्यायची, कपाळावर केस सुरू होतात तिथे बरोबर मध्ये, नाहीतर कानावरून गालाकडे येणारी. डोकं वळलं तरी माईक आणि तोंडातलं अंतर तेवढंच राहतं, सगळा फायदा याच्यात आहे. पगडी, फेटा, विग असेल तर तुमचं काम सोपं, काठाखालून कॅप्सूलचं टोक जरासं बाहेर ठेवायचं, पूर्ण कापडाखाली घालायचं नाही, नाहीतर 'स' आणि 'श' खाल्ले जातात.

कॅप्सूल ओम्नीच घ्या, म्हणजे सगळीकडून ऐकणारी. कार्डिऑईडला, म्हणजे एकाच बाजूचं जास्त ऐकणारीला, शिट्टी (फीडबॅक) कमी येते हे कागदावर खरं आहे पण ती जरा तिरकी बसली तरी टोन बदलते आणि कपड्याचा, श्वासाचा आवाज जास्त पकडते. डीपीएची ४०६० आणि ४०६१, सेनहायझरची एमकेई २, कंट्रीमनची बी३ ही नावं नाटकवाल्यांत चालतात आणि ती उगीच चालत नाहीत. ४०६० आणि ४०६१ मधला फरक लक्षात ठेवा, ४०६० जास्त संवेदनशील आहे, ४०६१ कमी, आणि संगीत नाटकात ४०६१ जास्त उपयोगी पडते. कारण संगीत नाटकात तोच नट आत्ता हळू आवाजात बोलतोय आणि पुढच्या मिनिटाला ऑर्गनच्या स्वरावर तार सप्तकात तान घेतोय, नाजूक कॅप्सूलवर ती तान फाटते. पॅकचा गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, लावतानासुद्धा संवादावर लावू नका, नटाला त्या पदातली सगळ्यात वरची जागा पूर्ण आवाजात घ्यायला सांगा आणि त्याच्यावर लावा.

घेताना कनेक्टर बघा हे कुणी सांगत नाही. शुअरच्या पॅकला चार पिनांचं छोटं कनेक्टर, सेनहायझरच्या ईडब्ल्यू मालिकेला स्क्रू लॉकवाला साडेतीन एमएमचा जॅक. एकाची कॅप्सूल दुसऱ्याला थेट लागत नाही. डीपीएचं बरं आहे, वायरच्या टोकाला त्यांचं मायक्रोडॉट असतं आणि अडॅप्टर बदलला की दुसऱ्या कंपनीच्या पॅकला चालते. पुढेमागे पॅक बदलाल, भाड्यानं दुसरे आणाल, तेव्हा कॅप्सूल तुमचीच राहते. माझं ठाम मत आहे की ज्या ग्रुपकडे पैसे कमी आहेत त्यांनी आधी दोन-तीन चांगल्या कॅप्सूल विकत घ्याव्यात आणि पॅक-रिसीव्हर भाड्यानं आणावेत.

वेशभूषा करणाऱ्या ताईंना पहिल्या तालमीपासून बरोबर घ्या. नऊवारीत पॅक कुठे, तर मागे कमरेला काष्ट्याच्या वर बसतो, पण बसणं-उठणं जास्त असेल तर मांडीला इलॅस्टिकचा पट्टा बरा. धोतराला मागे कमरेवर. मारामारी किंवा पडण्याचा प्रसंग असेल तर पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये, नाहीतर पॅकही जातो आणि नटालाही लागतं. मऊ कापडाच्या पिशव्या आणि पट्टे कुठलाही शिंपी शिवून देतो, बाहेरून महागाचे मागवायची गरज नाही. पॅकची अँटेना सरळ लटकू द्या, गुंडाळून पिशवीत कोंबू नका आणि घामेजल्या अंगाला थेट चिकटू देऊ नका, अंगात पाणी आहे आणि पाणी सिग्नल खातं. ठुशी, मंगळसूत्र, जरीचा काठ, कडक कांजी केलेला अंगरखा, हे सगळे आवाज करतात आणि छातीवरच्या माईकवर तर ते संवादाच्या वर जातात. डोक्यावरच्या कॅप्सूलला यातला निम्मा त्रास आपोआप कमी होतो.

घाम हा कॅप्सूलचा सगळ्यात मोठा शत्रू. कपाळावरून ओघळ थेट जाळीवर येतो आणि आवाज एकदम पाण्याखालून आल्यासारखा होतो. वायरला कॅप्सूलच्या थोडं मागे एक छोटं वळण देऊन चिकटवली तर ओघळ तिथे तुटतो. मेडिकल स्टोअरमधली ट्रान्सपोर किंवा मायक्रोपोर टेप वापरा, आधी तिथली त्वचा स्पिरिटनं पुसून घ्या आणि मेकअपच्या आधी लावा. पॅकवर घाम येत असेल तर नॉन-लुब्रिकेटेड कंडोम घालतात, जगभर नाटकवाले हेच करतात, लाजण्यासारखं काही नाही. प्रयोग झाला की कॅप्सूल पुसून सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच.

आता फ्रिक्वेन्सी. हा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो पण प्रयोग बंद पडतो तो याच्यामुळेच. पहिली गोष्ट, २.४ गिगाहर्ट्झवाले छोटे माईक, व्हिडिओ शूटला वापरतात ते, नाटकाला घेऊ नका. ते वायफाय आणि ब्लूटूथच्याच पट्ट्यात चालतात. तालमीच्या हॉलमध्ये पाच माणसं असताना मस्त चालतात, आणि हाऊसफुल्लला प्रेक्षकांत शेकडो फोन, प्रत्येकाचं वायफाय-ब्लूटूथ चालू, मग ते मार खातात. शिवाय या फ्रिक्वेन्सीला माणसाचं अंग जास्त आडवं येतं, नट वळला की सिग्नल गेला.

म्हणजे यूएचएफ, काहीशे मेगाहर्ट्झवर चालणारा, घ्यायचा. त्यातही कुठला पट्टा ते बघा. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला काही भाग २०२२ च्या लिलावात जिओनं घेतला, या पट्ट्यातल्या ७०३ ते ७४८ मध्ये फोन टॉवरकडे बोलतात, म्हणजे जुना सेकंडहँड सेट या पट्ट्यातला घेतलात तर तुमचा शत्रू हॉलमध्येच तिकीट काढून बसलेला असतो. ८२४ ते ८४९ मध्येही फोनच आहेत. ६०० चा पट्टासुद्धा २०२२ ला लिलावात ठेवला होता, त्या वेळी कुणी बोली लावली नाही, पण पुढे कुणी लावणार नाही असं धरून चालू नका. आठ-दहा वर्षं वापरायचा विचार असेल तर ६०० च्या खालचा पट्टा मागा. आणि विक्रेत्याला सरळ विचारा की या मॉडेलला डब्ल्यूपीसीचं (रेडिओ फ्रिक्वेन्सी बघणारं सरकारी खातं) ईटीए, म्हणजे उपकरणाची मंजुरी, आहे का आणि वापरायला आणखी काही परवाना लागतो का. कुणी नातेवाईक परदेशातून येताना बॅगेत घेऊन येतात, स्वस्त पडतो, पण त्याचा पट्टा तिकडच्या हिशोबाचा असतो, कागद नसतात आणि इथे रिपेअरला कुणी हात लावत नाही.

दुसरी गोष्ट, चॅनल एकमेकांना कसे त्रास देतात. समजा तुम्ही ५६०, ५६१ आणि ५६२ अशा सारख्या अंतरावर तीन पॅक लावले. ५६१ ची दुप्पट ११२२, त्यातून ५६० वजा केले की ५६२, म्हणजे पहिले दोन पॅक जवळ आले की त्यांचं भूत बरोबर तिसऱ्याच्या डोक्यावर बसतं. याला इंटरमॉड म्हणतात, आणि म्हणूनच एक-एक पॅक वेगळा चालतो आणि सगळे चालू केले की गोंधळ होतो. ॲनालॉग सेटला कंपनीनं दिलेले ग्रुप (एकत्र चालतील अशा जुळवलेल्या फ्रिक्वेन्सी) आणि त्यातले चॅनलच वापरा, मनानं आकडे टाकू नका, आणि एकाच ग्रुपमधले सगळे घ्या. नवीन डिजिटलमध्ये हा त्रास बराच कमी, सेनहायझरच्या ईडब्ल्यू-डीला तर ६०० किलोहर्ट्झच्या सारख्या अंतरावर ओळीनं लावता येतात. गणपतीत, निवडणुकीत शहरभर कॉर्डलेस चालू असतात, तेव्हा काल चाललेली फ्रिक्वेन्सी आज चालेलच असं नाही, म्हणून दर प्रयोगाला हॉलमध्ये स्कॅन करायचाच.

डिजिटल की ॲनालॉग याचं माझं उत्तर, नवीन घेत असाल तर डिजिटल. ॲनालॉगमध्ये आवाज दाबून पाठवतात आणि पलीकडे पुन्हा उघडतात, त्यात थोडा दम लागल्यासारखा आवाज येतो. दुकानात तपासायला सोपं आहे, किल्ल्यांचा जुडगा माईकसमोर खुळखुळवा, कच्च्या सेटवर तो खुळखुळाट भरडल्यासारखा ऐकू येतो. डिजिटलला उशीर लागतो अशी भीती घालतात, पण शुअरच्या एसएलएक्स-डीचा उशीर साधारण ३ मिलिसेकंद आहे, तेवढ्या वेळात हवेतला आवाज एक मीटर जातो, नाटकात हे कुणाच्या कानाला लागत नाही. एक मात्र लक्षात ठेवा, ॲनालॉग जाण्याआधी हिस मारून सांगतो की मी चाललोय, डिजिटल काहीच न सांगता गप्प होतो. म्हणून डिजिटलवाल्यानं रिसीव्हरच्या सिग्नलच्या दांड्यांवर सतत डोळा ठेवायचा. मध्यम बजेटला एसएलएक्स-डी आणि ईडब्ल्यू-डी हे दोन्ही मी बिनधास्त सुचवतो, मोठं व्यावसायिक नाटक असेल तर त्यांच्या वरच्या मालिका.

रिसीव्हर कुठे ठेवायचा यात पुष्कळ लोक चुकतात. ऑपरेटर प्रेक्षागृहाच्या मागे बसतो म्हणून रिसीव्हरही मागे नेतात, मग मध्ये अख्खा हॉल आणि हजार माणसं. रिसीव्हर विंगेत ठेवा, आवाज स्टेज बॉक्समधून (स्टेजवरच्या लायनी एकत्र करून मिक्सरकडे नेणारी पेटी) मागे आणा. अँटेना माणसांच्या डोक्यावर, दोन-अडीच मीटर उंच स्टँडवर, नटांकडे थेट नजर जाईल अशी, आणि दोन अँटेनांत एखादा मीटर अंतर. लोखंडी फ्रेमचा सेट, लाईटचे बार आणि हल्ली आलेली एलईडी वॉल यांच्या मागे नको, एलईडी वॉल तर स्वतःच रेडिओचा कचरा टाकते. यासाठी घेतानाच अँटेना निघणारा रिसीव्हर घ्या. शुअरच्या बीएलएक्समध्ये साध्या बीएलएक्स४ ची अँटेना आतच असते, रॅकवाल्या बीएलएक्स४आरची काढता येते, फरक थोड्या पैशांचा पण नाटकासाठी खूप मोठा. चारच्या वर रिसीव्हर झाले की अँटेना डिस्ट्रिब्युटर (एकाच अँटेना जोडीचा सिग्नल सगळ्या रिसीव्हरना वाटणारा) घ्या, नाहीतर रॅकवर अँटेनांचं जंगल होतं. केबल ५० ओहमचीच, टीव्हीची ७५ ओहमवाली नको, आणि लांब न्यायची असेल तर बारीक आरजी-५८ नको कारण यूएचएफला ३० मीटरमध्ये साधारण १० डीबी खाऊन टाकते. तापकीर गल्लीत बीएनसी कनेक्टर आणि केबल मिळते पण केबलवर छापलेलं वाचून घ्या.

सेल. एसएलएक्स-डी दोन पेन्सिल सेलवर ८ तासांपर्यंत चालतो असं कंपनी सांगते, पण मेकअपपासून चालू ठेवलेला पॅक, साऊंड चेक, प्रयोग आणि त्याच दिवशी दुसरा प्रयोग असा हिशोब करा. रिचार्जेबल घ्याल तर चांगले निकेल-मेटलवाले, आणि पॅकच्या मेन्यूत सेलचा प्रकार बदलायची सोय असेल तर बदला, नाहीतर बॅटरीची पट्टी खोटं सांगते. घड्याळातले साधे स्वस्त सेल कधीच नकोत. नवेजुने मिसळू नका.

मिक्सरचाही विचार आत्ताच करा. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधीची ३ डीबी जागा जाते, म्हणजे आठ माईक उघडे टाकून बसलात तर कितीही महाग सिस्टीम असली तरी आवाज पोकळ येणार. ऑपरेटरला संहिता हातात घेऊन वाक्यागणिक फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, चालवता आला पाहिजे, बोलणाऱ्याचाच वर, बाकीचे खाली. दोन पात्रं मिठी मारून बोलतात तेव्हा एकाच माईकवर दोघांना घ्या, दोन्ही उघडे ठेवले तर आवाज पोकळ होतो. बेहरिंगरच्या एक्स३२ सारख्या डिजिटल मिक्सरवर प्रवेशाप्रमाणे सीन सेव्ह करता येतात आणि ८ डीसीएवर (एक किंवा अनेक चॅनल एकत्र चालवणारे फेडर) फक्त त्या प्रवेशातली पात्रं येतील असं लावता येतं. पण यासाठी ऑपरेटर तालमींना यायला हवा, निदान शेवटच्या चार-पाच, आणि त्याचे पैसे बजेटमध्ये धरा.

विकत घेण्याआधी तोच सेट एका प्रयोगाला भाड्यानं आणा, दुकानातल्या डेमोवर जाऊ नका. हॉलवर पोचलात की आधी सगळे पॅक बंद ठेवून फक्त रिसीव्हर चालू करा, पॅक बंद असताना सिग्नलच्या दांड्या दिसल्या तर तिथे दुसरं कुणीतरी आहे, ती फ्रिक्वेन्सी बदला. मग सगळे पॅक चालू करून एक-एक नटाला, कॉस्च्युममध्ये, बोलत बोलत स्टेजच्या चारही कोपऱ्यांत, दोन्ही विंगांत आणि मेकअप रूमच्या दारापर्यंत चालवा, पाठ करून उभं करा, दोघांना चिकटवून उभं करा. दोन प्रयोगांच्या मध्ये वेळ फार नसतो म्हणून याला अर्धा तास वेगळा मागून घ्या, नेपथ्य उभं राहिल्यावर आणि लाईट लागल्यावर, त्याआधी नाही. वर्षाला मोजकेच प्रयोग होत असतील तर भाड्यावरच राहा आणि भाडेवाल्याला मॉडेल, पट्टा आणि पॅकची संख्या आधी लिहून मागा. महिन्याला चार-पाच प्रयोग आणि दौरे चालू असतील तर विकत घेणं परवडतं, तेव्हा एक स्पेअर पॅक, दोन स्पेअर कॅप्सूल आणि कडक केस त्याच बिलात घालून घ्या, नंतर घेऊ म्हटलं की ते राहतंच.